चोरओटी

जहाजाचा दिवस १२ । गटाचा दिवस ४

'टिटवी' या जहाजाच्या हवाबागेत, पालकाच्या वाफ्यांमागे, यामिनी भोयर हातात चाचणीची पट्टी धरून उभी होती. पट्टीवर दोन रेघा होत्या.

जहाजावर बेचाळीस माणसं होती. चाळीस जण शीतनिद्रेत, दोघं जागी. पहिलं वर्षभर बागेची हवा राखणारी यामिनी आणि नौकाचालक सोनटक्के यांनीच जागं राहायचं, असं ठरलेलं होतं. यामिनीचा नवरा, दिगंबर, चौदा नंबरच्या कोठडीत काचेखाली झोपला होता. चारशे दिवसांच्या आत कुणालाही उठवता येत नव्हतं. मध्येच उठवलं तर शरीर उठतं, माणूस उठत नाही.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी चंद्रपूरच्या एका दवाखान्यात तिच्या पोटात एक गर्भांकुर ठेवला होता. शेवटचा. आधीचे चार रुजले नव्हते, हाही रुजणार नाही असं धरूनच ती जहाजावर चढली होती. मोहिमेत कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उतरवलं असतं.

त्या सकाळी दवाखान्याच्या बाकावर सहा जणी होत्या. बसल्या बसल्या गट झाला. नाव शबानानं ठेवलं, 'चोरओटी'. तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरतात ती ओटी. तोवर बाहेर कुणाला काही बोलायचं नाही, हा नियम.

"तू कुठली गं?" शबानानं विचारलं होतं.

"मूलची."

"गावाचं नाव मूल, आणि तुझं चारदा हुकलं? पत्ता चुकला असेल बाई!"

सगळ्या हसल्या होत्या. यामिनीसुद्धा.

आता तिनं गटावर लिहिलं, 'रुजलं.' एवढंच. पलीकडून त्या दिवशी पोचलेले निरोप चौथ्या दिवसाचे होते. बाकावरच्याच रजनीनं लिहिलं होतं, 'मला खोकायचीपण भीती वाटते, पडून जाईल की काय.' यामिनीला वाटलं, टपाल आठ दिवस मागे आहे. अंतर आहे, चालायचंच.

जहाजाचा दिवस ९० । गटाचा दिवस ३०

तीन महिने झाले. आता सांगायला हरकत नव्हती.

तिनं आधी सोनटक्क्यांना सांगितलं. ते उपमा ढवळत होते. त्यांनी गॅसच्या जागी असलेली तापपट्टी बंद केली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मला रक्त बघून चक्कर येते," ते म्हणाले.

"मला माहितीय, सर."

"म्हणजे बाळंतपण तुम्हालाच करावं लागेल. मी पुस्तकातून वाचून दाखवीन." मग थोड्या वेळानं, "अभिनंदन म्हणायचं राहिलं."

यामिनीनं हातातली पाटी पुढे केली. "मला एक प्रश्न पाठवायचाय. मावशीला. माझी आई माझ्या वेळी गेली. कशी गेली, ते मला कुणीच सांगितलं नाही. मी विचारलं की मावशी म्हणायची, देवाले आवडली, आणि उठून भांडी घासायला जायची. छत्तीस वर्षं हेच. आईच्या रक्तात काही दोष असेल, तर तो माझ्यातही असेल. मला आधी कळलं तर पुस्तकात उपाय शोधता येईल."

"पाठवा की."

"उत्तर दोनशे दहाव्या दिवसापर्यंत येईल ना? आज तिसाव्या दिवसाचे निरोप आले. म्हणजे साठ दिवस उशीर. जायला साठ, यायला साठ. बाळंतपण दोनशे त्रेसष्टच्या आसपास आहे."

सोनटक्के खाली बसले. उपमा तसाच राहिला.

"असं मोजत नाहीत, यामिनीबाई."

"मग कसं?"

"समजा, मी तुमच्या घरून चालत निघालो आणि तुम्ही मला रोज एक डबा पाठवताय. मी थांबलेलो नाही. डबेवाल्याला रोज कालच्यापेक्षा लांब यावं लागतं. तुम्ही रोज पाठवता, पण मला डबा मिळतो दर तिसऱ्या दिवशी. हा कालताण. आपण प्रकाशाच्या चार-पंचमांश वेगानं निघालोय, या वेगाला ताण बरोबर तिप्पट पडतो. तुमच्या मैत्रिणींचा एक दिवस इथे तीन दिवसांत पोचतो."

"ते दिसतंच आहे. त्या अजून एका महिन्यावरच आहेत."

"आता उलट बाजू. तुम्हीही त्यांच्यापासून तशाच दूर जाताय. तुमचा एक दिवसही तिकडे तीन दिवसांत पोचतो. आज नव्वदावा. हा प्रश्न मावशींच्या हातात पडेल त्यांच्या दोनशे सत्तराव्या दिवशी. त्यांनी लगेच उत्तर दिलं, तरी दोनशे सत्तरचे तिप्पट."

"आठशे दहा."

"हो."

"मूल दीड वर्षाचं झालेलं असेल."

सोनटक्क्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "पहिल्या एकोणतीस दिवसांत विचारलं असतं, तर नवव्या महिन्यात उत्तर हाती असतं. बाराव्या दिवशीच कळलं होतं ना? थांबलात कशाला?"

"तीन महिने कुणाला सांगायचं नसतं."

"कुणाचे तीन महिने?"

आता विचारून उपयोग नव्हता. पाटीवरचा प्रश्न तिनं पुसला. त्या जागी दोन ओळी लिहिल्या आणि सोनटक्क्यांनी 'थांबा' म्हणायच्या आत पाठवून दिल्या.

'मावशी, आईच्या मरणाबद्दल तू मला छत्तीस वर्षं अंधारात ठेवलंस. हे मी कधी माफ करणार नाही.'

त्यानंतर तिनं पृथ्वीला लिहिणं बंद केलं. गटाला नाही, मावशीला नाही. पूर्वी ती मावशीला रोज चार शब्द टाकायची, मेथी उगवली, टोमॅटोला फूल आलं. तेही थांबलं.

जहाजाचा दिवस १०८ । गटाचा दिवस ३६

शबाना : अगंऽऽ! यामिनीचं आलं! रुजलं म्हणते!

रजनी : पत्ता सापडला एकदाचा मूलचा.

शबाना : यामिनी, उलट्या होतात का गं? माझं तर आतडं बाहेर येईल. वरणाचा वास नको, नवऱ्याचा वास नको.

रजनी : नवऱ्याचा आधी तरी कुठे हवा होता!

यामिनीनं वाचलं. तिच्या उलट्या कधीच्या थांबल्या होत्या. आलं वाळवून चघळ, असं शबानाला सांगता आलं असतं. ते पोचलं असतं तिच्या तीनशे चोविसाव्या दिवशी, मूल मांडीवर घेऊन बसलेल्या शबानाला.

तिनं पाटी पालथी ठेवली.

जहाजाचा दिवस १५० । गटाचा दिवस ५०

रजनी : अंगावरून लाल जातंय. दवाखान्यात चाललेय. घरात कुणाला सांगितलं नाहीये.

(१५१ : काही नाही.)

(१५२ : काही नाही.)

(१५३ : शबाना विचारते, काय झालं गं. उत्तर नाही.)

(१५४ : काही नाही.)

(१५५ : काही नाही. यामिनी बागेत. पाणी दोनदा घातलं गेलं, कोथिंबीर कुजली. पोटात बाळ पहिल्यांदा जोरात फिरलं. सांगायला कुणी नव्हतं. दिगंबरच्या, चौदा नंबरच्या काचेवर पोट टेकून उभी राहिली. काच थंड होती, बाळ दचकून गप्प झालं.)

१५६. रजनी : ठोका लागतोय. डॉक्टर म्हणे, असं होतं कधीकधी. दोन दिवस नुसती झोपून होते.

रजनीचे दोन दिवस यामिनीनं सहा दिवस काढले होते. ती रडली. अभिनंदन लिहिलं नाही.

जहाजाचा दिवस २०४ । गटाचा दिवस ६८

सातवा लागून गेला. सोनटक्क्यांनी पुस्तकात वाचून पुरणपोळी केली. ती तापपट्टीला चिकटली. त्यांनी खरवडून वाटीत घातली.

"डोहाळजेवण," ते म्हणाले. "पाच सवाष्णींऐवजी एक नौकाचालक."

"एवढ्या लांबवर एवढं चालतं, सर."

मग दोघांनी सराव केला. सोनटक्के वाचत होते, "बाळ बाहेर आल्यावर नाळेला चिमटे लावावेत. त्यानंतर वार (नाळेमागचा मांसल गोळा) पडण्यासाठी प्रशिक्षित हातांनी नाळेला नियंत्रित ताण..." ते थांबले. "आपल्याकडे प्रशिक्षित हात कुठले?"

"तुमचे."

"यांनी मी चोवीस वर्षं फक्त जहाज वळवलंय, बाई."

रात्रपाळी, दिवसपाळी असं काही तिथे नव्हतं. दिवे सारखेच असत. यामिनी झोपायची तेव्हा एकच विचार असायचा. आईच्या रक्तात काय होतं?

जहाजाचा दिवस २५२ । गटाचा दिवस ८४

रजनी : यामिनी, तू काही लिहीत नाहीस. तुझं ते एकच 'रुजलं' आलं, बाकी अजून वाटेत असेल. असो. आमचे तीन महिने झाले! आज सगळ्यांच्या घरी सांगून झालं. मग शबाना म्हणाली, यामिनीच्या घरी कोण सांगणार? म्हणून आम्ही दोघी एसटीनं मूलला आलो. तुझ्या मावशीकडे. तुझी चोरओटी भरायला.

शबाना : तू नाहीस म्हणून मावशींच्या पदरात घालतो म्हटलं, तर म्हणे, माझं लग्न नाही झालं, माझ्या पदरात कशी घालता? मी म्हटलं, मी तरी कुठे ओटीवाली? मला गाठ मारता येत नाही, तांदूळ सगळे सांडले. हसल्या त्या.

रजनी : मग एकदम उठल्या. आत गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, ते मशीन चालू कर, मले बोलाचं आहे.

यामिनीनं आवाज सुरू केला. आधी भांड्यांचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा.

"यामिने. ह्या पोरींनं सांगतलं, तुले दिवस गेले म्हणून. आता नाही सांगतलं तं कधी सांगू? आयक. तुही माय बायतीन झाली तवा घरी मी एकटीच होती. सतरा वर्साची. दाईले बोलावणं धाडलं होतं, थे काही येऊन नाही राहिली. तू झाली. चांगली रडली. पण वार काही पडे ना. मले वाटलं, आत राह्यली तं ताई मरन. म्हून मी नाळ धरली आन् ओढली. जोर लावून ओढली. मंग रक्त जे लागलं थे थांबलंच नाही."

इथे तिनं पाणी प्यायल्याचा आवाज आला, मग भांडं खाली ठेवल्याचा.

"दाई आली तं म्हणे, अर्धा घंटा थांबली असती तं आपोआप पडली असती. तुह्या रक्तात काही नाही, पोरी. माह्या हातात होतं. तू भेऊ नोको. वार ओढू नोको, कोणाले ओढू देऊ नोको. थांबजो. आता तुले मले जे म्हणाचं थे म्हण. मी उत्तराची वाट पाहीन."

सोनटक्के दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तिथला तिसरा महिना," ते म्हणाले, "म्हणजे इथला नववा. त्यांनी नियमाप्रमाणे तीन महिने भरताच सांगितलं म्हणून वेळेवर पोचलं."

यामिनी पाटीवर भराभर लिहीत होती. 'मावशी, तू सतरा वर्षांची होतीस. तू मला वाढवलंस. माझी काही तक्रार नाही.' तिनं ते पाठवलं. आणि पाठवल्यावर, बोट अजून पाटीवर असतानाच, तिला दिसलं.

"सर. हे कधी पोचेल?"

"सातशे छप्पन."

"आणि नव्वदाव्या दिवसाचं?"

हा आकडा तिला पाठ होता, दोनशे सत्तर.

मावशी चौऱ्याऐंशीव्या दिवशी बोलली. त्यानंतर तिच्याकडे आधी पोचणार मेथी उगवली, टोमॅटोला फूल आलं, कबुलीबद्दल अक्षर नाही. मग दोनशे सत्तराव्या दिवशी पोचणार त्या दोन ओळी. आणि मग चारशे शहाऐंशी दिवस काहीच नाही, कारण यामिनीनं काही पाठवलंच नव्हतं.

"थांबवता येईल?"

"ते प्रकाशाच्या वेगानं चाललंय. त्याला मागून गाठेल असं काही नाही."

"तिला कळेल ना, ते आधी लिहिलेलं आहे? वर तारीख असते."

"असते. जहाजाची."

"मावशी तारीख बघत नाही," यामिनी म्हणाली. "रजनी सांगेल तिला. रजनीला हिशेब येतो." मग तिला आठवलं, दोनशे सत्तराव्या दिवशी रजनी स्वतः बाळंतिणीच्या खाटेवर असेल.

जहाजाचा दिवस २६४ । गटाचा दिवस ८८

मुलगी झाली. रडली. सोनटक्क्यांना चक्कर आली नाही, ती नंतर आली.

वार पडत नव्हती. दहा मिनिटं. वीस. सोनटक्क्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि त्यांचा हात नाळेकडे गेला.

"हात काढा."

"पण इथे लिहिलंय..."

"सर, हात काढा. थांबायचं."

त्यांनी हात मागे घेतले आणि पाठीशी बांधले. मुलगी छातीशी चाचपडत होती. चौतिसाव्या मिनिटाला वार आपोआप पडली. रक्त आलं तेवढं आलं, आणि थांबलं.

त्या दिवसापासून यामिनी मावशीला पुन्हा रोज लिहू लागली. मुलीनं डोळे उघडले, मुलगी शिंकली, मुलीचं नाव तूच सुचव. ओटी मागून भरता येते. गप्प राहिलेले दिवस तिला मागून भरता येत नव्हते.

जहाजाचा दिवस : लागू नाही । मूल, दिवस २७०

दुपारी फोन वाजला. मावशी भाकरी थापत होती. तिनं पीठ झटकलं, हात लुगड्याला पुसले, चष्मा शोधला. सहा महिने ती याच आवाजाकडे कान लावून होती.

दोन ओळी होत्या. वर बारीक अक्षरात काही आकडे होते, ते तिनं अंगठ्यानं वर सरकवले. ओळी तिनं दोनदा वाचल्या.

मग तव्यावरची भाकरी उतरवली आणि भांडी घासायला गेली.