चांदोरीनंतर पडणारा काटा

पटत नसेल तर निफाडला जा. मनोजच्या मळ्यात ती जुनी पांढरी गाडी उभी असते. दिवस मावळताना मागच्या सीटवर एकट्यानं बसून बघा.

बसवलं, तर मग म्हणा सगळं खोटं आहे!

गेल्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. रस्ता नाशिक-निफाडचा. वेळ दिवेलागणीची.

मनोज ओझरच्या कारखान्यात कामाला. त्याच्या आईच्या, मंगलाबाईंच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा नाशिकला डायलिसिस. एक खेप चुकली की पाय सुजायचे, रात्रभर धाप. गाडी घेतली ती त्यासाठीच. मनोजची ड्युटी असायची, म्हणून आईला न्यायचं-आणायचं काम मामेभाऊ मल्हारीकडं.

इंजिन खणखणीत होतं. खोड एकच.

पेट्रोलचा काटा.

"दादा, काटा येड्यावानी करतो," मल्हारी एकदा म्हणाला. "चांदोरी सुटली की निम्म्यावरून खाली पडतो. पार लाल पट्टीला टेकतो. पुढं पाटाचा पूल आला की आपोआप वर."

"रोज?"

"येताना. आत्या गाडीत असताना. जाताना कधीच नाय."

मनोजच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पोरगा पेट्रोल काढून विकतो आणि बिल काट्याच्या नावावर फाडतो!

रविवारी त्यानं खंडेराव मिस्त्रीला मळ्यात बोलावलं. मागची सीट उचलली. तिच्याखाली टाकीचं झाकण. आतून फ्लोट, म्हणजे काटा हलवणारा तरंगता गोळा, बाहेर काढला. मनोजनं फवारणीचं औषध मोजायची बांबूची कामटी आणली आणि टाकीत बुडवली.

पेट्रोल बरोबर निम्मं होतं. एक थेंब कमी नाही.

खंडेरावनं फ्लोट नवा टाकला, वायरी घासल्या. फ्लोट हातानं वर केला की काटा वर. खाली केला की खाली. अगदी शहाण्या लेकरासारखा.

"झालं काम," खंडेराव म्हणाला.

पुढच्या खेपेला मल्हारी गाडीतून उतरला, तो तोंड पाडूनच.

"पडला परत... तिथंच."

खंडेराव वैतागला. मग त्याला काय सुचलं कुणास ठाऊक, गाडी सुरू करून त्यानं एका माणसाला मागं बसवलं. काटा हलला नाही. शेजारी दुसरा बसवला... गाडीचं बूड दबलं आणि काटा हळूहळू खाली गेला.

"हे बघ. स्प्रिंगा मेल्यात. मागं दोघं बसली की पेट्रोल मागं सरकतं, फ्लोट कोरडा पडतो. दोघं उतरली की काटा वर. गाडीत दोष नाय, मनोज."

मनोजनं मागच्या सीटकडं बघितलं.

मागं तर आई एकटीच असते.

मग दुसरं कोण?

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे हा पठ्ठ्या वाटेत प्रवासी भरतो! आजारी बाईच्या मांडीला मांडी लावून!

"लाज वाटती का रे जराशी?" संध्याकाळी त्यानं मल्हारीला धरलंच. "कुणाला बसवतोस चांदोरीच्या पुढं?"

मल्हारीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मान वर होईना. काहीतरी लपवत होता, नक्की.

"मी नाय बसवत दादा. आईशप्पथ. बुधवारी तू चालव. मी नाय बोलायचा."

बुधवारी मनोजनं सुट्टी टाकली.

दवाखान्यातून निघेपर्यंत उन्हं कलली होती. मंगलाबाई मागं, उजव्या बाजूला. शाल पांघरून, डोळे मिटून. शेजारची जागा मोकळी. मनोजनं दारं स्वतः लॉक केली होती.

चांदोरी सुटली.

उसाचे ट्रॅक्टर मागं पडले. रस्ता एकदम मोकळा. दोन्हीकडं द्राक्षबागा. पुढं एस. टी.ची पत्र्याची शेड.

शेडमध्ये कुणी नव्हतं. मनोजनं नीट बघितलं. कुणीच नव्हतं.

गाडी शेडसमोरून गेली आणि...

मागचा भाग दबला.

कुणी जड माणूस टेकावं, तसा. दार उघडलं नाही. आवाज आला नाही. नुसती सीट कुरकुरली.

काटा खाली जायला लागला.

आरशात बघायचं नव्हतं. तरी बघितलं.

आई दाराला चिकटून बसली होती. पाय आखडून, अंग चोरून. शेजारी जागा करून.

आणि हळू आवाजात बोलत होती... "आज उशीर झाला गं आम्हाला."

मनोज थांबला नाही. थांबायची हिंमतच नव्हती. पाटाचा पूल आला. गाडीचं बूड हलकेच उचललं. काटा वर आला. आई परत ऐसपैस बसली.

"आई... कोण होतं?"

"बाई हाय एक बिचारी. दर खेपेला तिथं उभी दिसायची. गाडीत जागा असून बाईमाणसाला रस्त्यावर सोडायचं का? मीच मल्हारीला थांबायला लावलं एकदा."

मल्हारीनं मग सगळं सांगितलं. त्या दिवशी शेडमध्ये कुणीच नव्हतं. आत्याचं मन मोडू नये म्हणून त्यानं दार उघडलं, थोडं थांबला, लावलं. आत्या म्हणाली, "बसली ती. चल." तेव्हापासून काटा पडतो.

"तुला सांगितलं असतं तर तू गाडी बंद केली असती. मग आत्याला नेलं कशात असतं?"

मनोजनं त्याला पोटाशी धरलं. आणि पुढच्या खेपेला रस्ता बदलला. ओझरवरून, सुकेण्याच्या अंगानं. काटा जागचा हलला नाही.

पण आई घरात येऊन भिंतीकडं तोंड करून झोपली.

"तिला ताटकळत ठिवलं तुम्ही. ती नसंल, तर मला बी नाय जायचं."

नाही म्हणजे नाही! मनोज पाया पडला, ओरडला, रडला. एक खेप बुडाली. पाय सुजले. रात्री श्वास पुरेना. त्या आवाजानं मनोजचा जीव कासावीस झाला.

सकाळी तो म्हणाला, "आई, चल. जुन्या रस्त्यानं नेतो."

येताना शेडपाशी त्यानं गाडी थांबवली. खाली उतरला. मागचं डावं दार उघडलं. समोर नुसता रिकामा बाक.

"बसा, मावशी."

सीट दबली. त्यानं हळूच दार लावलं.

आता आठवड्यातून दोनदा हे असंच चालतं. मल्हारी आहेच, पण येताना स्टिअरिंग मनोजच्या हातात. त्यानं ड्युटीच बदलून घेतली. आईची एकही खेप चुकत नाही. डॉक्टर खूश आहेत.

मनोज नाही.

मागच्या महिन्यात त्यानं आईला सहज विचारलं होतं, "काय गं बोलता तुम्ही दोघी?"

"काय नाय रे. ती म्हणती, मंगलाबाई, एकदा माझ्यासंगं उतरा की पुलावर. घर दावते."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, उतरंन की. घाई काय हाय?"

तेव्हापासून पाटाचा पूल आला, गाडीचं बूड उचललं, की मनोज काट्याकडं बघत नाही. आरशातही नाही. डावा हात मागं घालून चाचपत राहतो... आईचा गुडघा लागेपर्यंत.

"काय रे?" आई विचारते.

"काही नाही," तो म्हणतो आणि हात तसाच ठेवून निफाडपर्यंत गाडी चालवतो.