दुसऱ्याच्या खिशातलं सिम

कोल्हापूरच्या पाऊलकिल्ली प्रयोगशाळेत त्या दिवशी सकाळी एक मयत बाई आल्या. लिफ्ट बंद होती म्हणून दोन जिने चढून आल्या, खुर्चीत टेकल्या आणि आधी पाणी मागितलं.

"मी शीतल खराडे. तुमच्या यंत्राच्या मते मी गेलेय."

डॉ. अरुंधती मगदूम यांना हसू आलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. कारण हे यंत्र त्यांचंच. त्यांचा सहकारी समीर मुजावर याने पडद्यावर नंबर शोधला. शीतलताईंचं सिम कार्ड महिनाभर कुणाच्या अंगावर चाललेलंच नव्हतं. असं झालं की मालक वारला असं धरायचं, हा नियम. नंबर आज संध्याकाळी कायमचा बंद होणार होता.

"नवा नंबर देतो की काकू. पाच मिनिटांचं काम," समीर म्हणाला.

"नवा घेऊन करू काय? ह्यांचे निरोप जुन्यात आहेत." शीतलताईंचे यजमान, धैर्यशील खराडे, महिन्यापूर्वी गेले होते. "फार मोठं काही नाही हो त्यात. दळण आणू का, गोळी घेतलीस का, असलंच सगळं. पण आवाज त्यांचा आहे. फोन त्यांच्या फोटोपुढं ठेवला होता. परवा ऐकावंसं वाटलं, तर उघडायलाच तयार नाही."

आता अशा माणसाला काय सांगायचं? डॉ. मगदूम खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

"जुनं सिम कसं होतं, सांगते. कार्डात एक गुप्त आकडा असायचा, त्याचा जुळा कंपनीकडं. टॉवर दर वेळी नवा प्रश्न विचारायचा. कार्ड गुप्त आकडा वापरून उत्तर काढायचं, पण तो आकडा कधी बाहेर सांगायचं नाही. जगभर अब्जावधी फोन ह्याच एका युक्तीवर चालले."

"मग चांगलंच होतं की. बदललंत कशाला?"

"कार्ड कुणाच्या हातात आहे हे त्याला कळायचं नाही, म्हणून. चोरानं फोन पळवला की चोरच मालक! म्हणून आम्ही पाऊलकिल्ली काढली. कार्ड तुमची चाल शिकतं. पावलांचा ठेका, कुठल्या पायावर भार, कुठं दम घेता. त्यावरून आतला आकडा रोज किंचित बदलतो. दुसरा कुणी घेऊन चालला की कार्ड गप्प बसतं. निरोपांचं कुलूपही त्याच आकड्याचं, ते आम्हालासुद्धा उघडता येत नाही. महिनाभर पडून राहिलेलं कार्ड इथं या चालपट्ट्यावर जागं करता येतं. पण एकदाच. ओळख पटली नाही, तर आतलं सगळं पुसलं जातं."

शीतलताईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं बाई! पण मी फोन कधी घेऊन चाललेच नाही."

"म्हणजे?" समीर ओरडलाच.

"आमच्या पंजाबी ड्रेसांना खिसे असतात होय? पर्स सांभाळायचा मला कंटाळा. बाहेर पडलं की ह्यांच्या शर्टाच्या खिशात टाकायचा. एकटी निघाले तर घरीच राहायचा, मला कोण फोन करतंय? पंधरा वर्षं तो त्यांच्याच खिशात फिरलाय."

घ्या! अख्ख्या जगाच्या चोरांचा विचार करून बनवलेली पाऊलकिल्ली, आणि बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात हे ती बनवणाऱ्या बाईंच्याच ध्यानात आलं नव्हतं. डॉ. मगदूम यांनी खरं तेच सांगितलं. कार्ड धैर्यशीलरावांची चाल शिकलेलं आहे. शीतलताई चालल्या तर ते नाही म्हणणार. न चालल्या, तर संध्याकाळी बंद होणारच आहे.

"मग चालतेच," शीतलताई म्हणाल्या. "निदान हात बांधून बसले असं नको व्हायला."

समीरने फोन त्यांच्या गळ्यात अडकवला. शीतलताई पट्ट्यावर चालू लागल्या. डावा गुडघा दुखरा असल्यामुळे प्रत्येक डाव्या पावलानंतर त्या जरा थबकत. समीरला पडद्याकडं बघवेना.

दिवा हिरवा झाला.

"मॅडम, पट्टा बिघडलाय," समीर म्हणाला.

"थांब. ताई, यजमानांचा फोन आहे का जवळ? पण तोही एकदाच चालेल, नाही म्हणाला तर आतलं जाईल."

"पिशवीतच आहे. जाऊ दे गेलं तर. त्यात माझीच कटकट भरलीय."

धैर्यशीलरावांचं कार्ड गळ्यात घालून त्या पुन्हा चालल्या. दिवा लाल. पट्टा ठणठणीत होता.

समीरने डोकं खाजवलं. "एकच माणूस, एकच खिसा. दोन्ही कार्डं त्याच चालीवर शिकली. मग एक हो म्हणतं आणि एक नाही, असं कसं?"

डॉ. मगदूम हळूच म्हणाल्या, "त्यांचं कार्ड दिवसभर त्यांच्याजवळ असायचं, एकटे आपल्या वेगानं चालतानाही. ताईंचं मात्र दोघं बरोबर असतानाच. म्हणजे त्या कार्डाला धैर्यशीलरावांची एवढीच चाल माहीत आहे, ताईंच्या शेजारची. आणि ती ताईंच्या चालीशी जुळते, डाव्या पावलानंतर थबकण्यासकट."

शीतलताईंना समजायला जरा वेळ लागला. मग त्या पट्ट्याच्या कडेवरच बसल्या.

"आणि मी जन्मभर त्यांना गोगलगाय म्हणत आले हो! मंडईत, लग्नकार्यात, चारचौघांत म्हणाले. एकदा तरी सांगायचं, की बाई गं, तुझ्यासाठी थांबतोय. नुसतं हसायचे." त्या रडू लागल्या, आणि रडता रडता त्यांना हसूही यायला लागलं. समीरने पाण्याचा पेला पुढं केला.

त्या शांत झाल्यावर डॉ. मगदूम यांनी फोन त्यांच्या हातात दिला. पण एक गोष्ट सांगणं भाग होतं.

"नंबर वाचला, निरोपही वाचले. पण ताई, हे आता रोज तुमच्याजवळ ठेवावं लागेल, नाहीतर पुन्हा बंद पडेल. आणि जवळ ठेवलंत की ते तुमची चाल शिकत जाणार, त्यांची विसरत जाणार. मला ते थांबवता येत नाही."

शीतलताईंनी ओढणीने डोळे टिपले.

"शिकू दे की," त्या म्हणाल्या. "त्याला नवीन असं काय शिकायचं राहिलंय?"