अंडी धरलेल्या माद्या कुठे गेल्या?

"मावशी, ताबडतोब ये. खून झालाय."

भाच्याचा आवाज असा, की मावशीनं हातातलं काम टाकून चपला चढवल्या. नोकरीतून निवृत्त झाली, तरी अंगातली फौजदारीण काही गेली नव्हती.

येऊन पाहते तर काय, मेल्या होत्या काचेच्या टाकीतल्या नखाएवढ्या लाल कोळंब्या! मावशीला आधी रागच आला. पण भाचा रडवेला होऊन येरझारा घालत होता आणि आत सूनबाई बॅग भरत होती. प्रकरण कोळंब्यांवर थांबणारं नव्हतं, इथे संसारच मोडायला निघाला होता.

भाच्याचं म्हणणं सरळ होतं. टाकीच्या नादावरून नवरा-बायकोत अबोला चालू होता. "एक दिवस ओतून देईन सगळं," असं ती भांडताना म्हणालीही होती. सकाळी उठतो तर टाकीत मढी आणि स्वयंपाकघरात ओली जाळी. आता आणखी कसला पुरावा हवा?

मावशीला एका जागी बसवेना. ती टाकीभोवती फिरली. त्याच पाण्यात मासे मजेत पोहत होते, गोगलगायी काचेवर सरकत होत्या. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून टाकीसाठी मुरत ठेवलेल्या पाण्याची बादली निम्मी झाली होती. पायात घोटाळणारं मांजर तिनं उचललं. त्याच्या मानेवरचे केस चिकट होते आणि त्यांना औषधाचा वास येत होता. तिनं ते लगेच खाली ठेवलं.

"काल टाकीत हात कुणी घातला?"

"मीच. रात्री झाडं नीट लावली."

"त्याआधी काय करत होतास?"

"मांजराला कुरवाळत बसलो होतो. बोलायला दुसरं आहे कोण या घरात?"

"हात धुतलेस?"

भाच्यानं आपले तळहात उलटेपालटे करून पाहिले.

"फोनवर सांगायचास त्या अंडी धरलेल्या माद्या होत्या ना रे यात?"

"होत्या की. कधीपासून त्यांचीच वाट बघतोय."

"मग मेलेल्यांत एकही कशी नाही?"

भाच्यानं वाकून पाहिलं. खरंच नव्हती.

मावशीनं सूनबाईला बाहेर बोलावलं. मांजराच्या मानेला पिसवांचं औषध तिनंच काल संध्याकाळी लावलं होतं.

"याला सांगितलंस?"

"बोलत कुठे होतो आम्ही, मावशी?"

"झालं तर मग. क्लोरीनचं पाणी पडलं असतं तर मासेही गेले असते. पिसवांचं औषध किड्यांचा जीव घेतं, आणि कोळंबी किड्यांच्याच भाऊबंदांतली. माशांना, गोगलगायींना एवढ्याशानं काही होत नाही. ते औषध तुझ्याच हातानं टाकीत गेलं, बाळा. खुनी तू. हिनं पहाटे तडफड पाहिली. मारायचंच असतं तर जाळी कशाला लागली असती? जाळी लागते वाचवायला, आणि चांगलं पाणीही."

सूनबाईनं कपाट उघडलं. मांजर पोचू नये म्हणून बरणी आत ठेवली होती. तिच्यात पोटाखाली अंडी घेऊन चार-पाच माद्या पाय हलवत होत्या.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले, तर तू आधीच खुनी ठरवून मोकळा झालास."

भाच्यानं मान खाली घातली.

"मान खाली नको घालूस," मावशी म्हणाली. " तोंडानं बोल."

"चुकलो गं. जाऊ नकोस." त्यानं बरणीकडे हात नेला.

सूनबाईनं ती मावशीच्या हातात दिली. "तुम्ही धरा जरा. याच्या हातांचा अजून भरवसा नाही. मी बॅग रिकामी करून येते."