सुशांतच्या गिटारवरचा आळ

गिटारवादक सुशांत सामंत आत आला तो डावा हात प्लास्टरमध्ये घालून. पळस्प्याच्या नाक्यावर स्कूटर घसरली होती.

"सुमतीताई, माझा पहिला अल्बम सोमवारी रद्द होणार!"

१९९३ साली पनवेलमध्ये खाजगी गुप्तहेर म्हणजे सुमती गद्रे. त्यांचे यजमान विनायकराव, निवृत्त पोस्टमास्तर, प्रत्येक तपासात बरोबर असायचेच.

अल्बम काढणाऱ्या कंपनीला कोणीतरी निनावी कॅसेट पाठवली होती. सुशांतचीच एक रचना, पण संथ आणि खालच्या पट्टीत. सोबत चिठ्ठी: 'मूळ वादन हे. अल्बममध्ये टेप जोरात फिरवून वेग आणला आहे.'

"मग वाजवून दाखव की," विनायकराव म्हणाले, आणि प्लास्टरकडे पाहून ओशाळले.

"कंपनीने मला त्या कॅसेटची प्रत दिलीय," सुशांत म्हणाला. "पण तिच्याबद्दल मी कोणाजवळच बोललो नाही."

सुमतीबाईंनी अल्बम लावला. विनायकराव भजनात पेटी वाजवणारे. हेवी मेटल म्हणजे पत्र्यावर दगड, हा त्यांचा समज. पण ड्रम्सच्या गडगडाटातून गिटारचे सूर जुन्या युरोपातल्या व्हायोलिनसारखे झरझर उतरू लागले. एवढ्या वेगातही एक सूर दुसऱ्याला चिकटत नव्हता. मध्येच सगळं थांबलं, आणि त्या शांततेतून पुन्हा तान उसळली. विनायकरावांचा चहा निवून गेला.

"हे माणसानं वाजवलंय?" त्यांनी विचारलं.

"तेच तर सिद्ध करायचंय," सुमतीबाई म्हणाल्या.

रेकॉर्डिंग सुकापूरला उदयसिंहच्या स्टुडिओत झालं होतं. भिंतींना गाद्या, दारावर जुनं घड्याळ. त्याची टिकटिक खोलीभर ऐकू येत होती.

"अल्बममधला वेग खरा नाही, अशी कंपनीकडे तक्रार आलीय," सुमतीबाई एवढंच बोलल्या.

"त्यानं माझ्यासमोर एका दमात वाजवलंय, बाई!" उदयसिंह म्हणाला. "पण माझं कोण ऐकणार? टेपचा वेग बदलायचं मशीन माझंच. स्टुडिओची चावी मात्र विश्वजीतकडेही असते."

विश्वजीत बँडमधला दुसरा गिटारवादक. त्यालाही त्यांनी तेच एक वाक्य सांगितलं.

"निनावी कॅसेट काय, कोणीही पाठवेल," तो खांदे उडवत म्हणाला.

बाहेर आल्यावर विनायकराव म्हणाले, "मशीन उदयसिंहचं. गुन्हेगार तोच!"

"अहो, उद्या सगळ्यांना स्टुडिओत बोलवा."

दुसऱ्या दिवशी सुमतीबाईंनी आधी अल्बम लावला. "मधल्या विरामात टेपवर आलेली या घड्याळाची टिकटिक ऐका. अहो, तुम्ही मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजा."

"सहा ठोके, सहा सेकंद."

मग निनावी कॅसेट.

"सहा ठोके... आठ सेकंद!"

"दारावरचं घड्याळ सेकंदाला एकदाच वाजतं. म्हणजे खरा वेग अल्बमचाच. संथ टेप त्याच्यावरून नंतर बनवली. आणि मी फक्त तक्रार म्हटलं होतं, विश्वजीत. ती कॅसेटवर आली, तीही निनावी, हे तुला कसं कळलं?"

विश्वजीतनं खिशातली स्टुडिओची चावी काढून मशीनवर ठेवली.

"सहा महिने त्याचं वादन घासलं मी. जमलं नाही. एकदा टेप संथ केली, तेव्हा कुठे मला साथ देता आली. मग वाटलं, यानंही असंच केलं असेल. नव्हे, केलंच असावं असं मला हवं होतं."

त्याने तिथूनच कंपनीला फोन केला. स्वतःचं नाव सांगितलं, काही लपवलं नाही.

सुशांतनं त्याचा फोन संपू दिला. मग म्हणाला, "माझा हात बरा झाला की ये. समोर बसून ऐक. नंतर काय बोलायचं ते बोलू."

"त्या दिवशी मीही येणार," विनायकराव घाईघाईने म्हणाले. "पहिल्या रांगेत."