जा म्हटलं की परतणारा बगळा

श्रीविद्याला जायचं होतं शिंप्याकडे. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत जिना चुकला आणि ती व्हिडिओ गेम बनवणाऱ्या प्रद्युम्नच्या खोलीत शिरली. दिवसभर दवाखान्यात व्यायाम करवून, लोकांचे खांदे चोळून तिचेच खांदे भरून आले होते. त्याने वर न बघताच खुर्ची सरकवली, "हात पुढं करा," म्हणाला आणि कोपराखाली एक काळा पट्टा बांधला. तुम्ही जिची वाट बघताय ती मी नव्हे, हे सांगायचंही तिच्यात त्राण नव्हतं. शिवाय खुर्ची बरी होती.

पट्टा स्नायूंच्या हालचाली ओळखायचा आणि व्हिडिओ गेममधला बगळा तसा वागायचा. हाताने 'ये' केलं की भाताच्या बांधावर उतरायचं, 'जा' केलं की उडून जायचं. श्रीविद्याचा बगळा मात्र अर्ध्या वाटेवरून परत यायचा. प्रद्युम्नने पट्टा बदलला, प्रोग्रॅम बदलला, शेवटी कपाळाला हात लावला. चूक सापडेना, म्हणून उद्या या... मग परवा या. शिंपी राहिला तो राहिलाच. तीन आठवडे रोज संध्याकाळी दोन दमलेली माणसं एका हट्टी बगळ्यापुढे बसून फिल्टर कॉफी प्यायली. पट्टा बांधताना त्याची बोटं जरा रेंगाळत. तिला ते आवडायचं, पण बोलायचं कुणी?

शुक्रवारी त्याने सांगितलं की इथली खोली बंद होतेय, कंपनीने चेन्नईला बोलावलंय.

"उद्या मी जातों," तो म्हणाला.

"असं म्हणूं नये," ती चटकन बोलली. "येतों म्हणायचं."

तो थबकला. त्याचं घरही तंजावुरी मराठीच, पण तो चेन्नईत वाढलेला. त्याने तिला पुन्हा 'जा'ची खूण करायला लावली आणि या वेळी पडद्याकडे नाही, हाताकडे बघत राहिला. तळवा बाहेर गेला आणि शेवटी बोटं हळूच आत वळली.

"आमच्या घरीं नुस्तं 'जा' कोणी म्हणत नाहीं की," ती ओशाळून म्हणाली. "लहानथोर अस्केजण 'जाऊन या' म्हणतात. हाताला तेंच ठाऊक."

चूक सापडली. म्हणजे भेटायचं उरलंसुरलं कारणही संपलं, हे दोघांनाही एकदमच कळलं असावं. कॉफी तशीच गार झाली.

"एकदा नुसतं 'जा' करा," तो हळू आवाजात म्हणाला. "तेवढं नोंदवलं की काम संपलं."

तिने हात उचलला. खांदा दुखत होता, पण त्याचं काही नव्हतं. हात हवेतच राहिला.

"नाहीं जमत," ती म्हणाली. "तुला तर नाहींच जमत." मग त्याच्याकडे बघत, सावकाश — "जाऊन ये."

तीन आठवड्यांचं 'तुम्ही' असं गळून पडलं. पडद्यावर बगळा अर्ध्या वाटेवरून वळला आणि बांधावर उतरला. प्रद्युम्नने काहीच नोंदवलं नाही. पट्टा सोडायला हात पुढे केला आणि तिचा हात धरूनच बसला.

"येतों," तो म्हणाला.