लाल माठाचा नमुना

भाजीचोराला रंगेहाथ पकडायचं भाग्य काही सगळ्यांच्या नशिबी नसतं. संघमित्राच्या नशिबी ते आलं, तेही अमेरिकेत, चौऱ्याऐंशी सालच्या जुलैतल्या एका शनिवारी, भुरभुर पावसात!

स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या बसचा शेवटचा स्टॉप, तिथं एक बंद पडलेला कारखाना आणि त्याच्या कुंपणाला लागून बारा वाफ्यांची सार्वजनिक बाग. कुंपणापलीकडं कारखान्याच्या भट्टीतल्या कोळशाच्या राखेचा भलामोठा ढीग. कडेचा वाफा संघमित्राचा. नागपूरची ही मुलगी पीएचडी करत होती स्टॅटिस्टिक्समध्ये, पण जीव सगळा त्या वाफ्यात. आईनं निघताना पुडीत बांधून दिलेलं लाल माठाचं मूठभर बी तिनं तिथं पेरलं होतं. आई मागच्या हिवाळ्यात वारली. त्यामुळं माठाला पुन्हा बी धरलं, तरच आईच्या हातचं काही मागं उरणार होतं.

आणि पिवळा रेनकोट घातलेला एक धटिंगण तोच माठ उपटून पिशवीत कोंबत होता.

“अहो! लाज नाही वाटत?” संतापात तिच्या तोंडून मराठीच निघालं.

तो दचकून उभा राहिला. चष्म्यावर पावसाचे थेंब, हातात मुळासकट माठ.

“वाटते ना,” तोही मराठीतच म्हणाला. “पण मी चोर नाही. सायंटिस्ट आहे. म्हणजे... होईन. थीसिस संपला तर.”

चोराचं नाव प्रताप, गाव सातारा. “मातीत, कोळशात निसर्गतःच थोडं रेडियम असतं,” तो सांगू लागला. “कोळसा जळून जातो, रेडियम राखेत उरतं. ते या बागेतल्या मातीत आणि भाजीत कितपत उतरलंय, ते मी मोजतोय. बागेच्या कमिटीची परमिशन आहे. लेटर आलं नाही तुम्हाला?”

लेटर आलं होतं. तिनं न उघडताच त्यावर चहाचा कप ठेवला होता. पण हे कशाला सांगा?

“आणि भाजी न धुताच मोजणार? आमच्याकडं तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय भाजी विळीवर येत नाही. धुतलेली वेगळी मोजा, न धुतलेली वेगळी.”

“येस, मॅडम.”

“रिझल्ट कधी?”

“डबा हवाबंद करून चार आठवडे ठेवावा लागतो. आत रेडियमपासून एक वायू तयार होतो, तो मुरला की मगच नीट मोजता येतं.”

“लोणच्यासारखं?”

“अगदी लोणच्यासारखं,” तो हसला. हसला की त्याच्या डाव्या गालाला खळी पडायची. ही नोंद संघमित्रानं कुठल्याही कागदावर केली नाही, तरी ती पक्की झाली.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा हजर. म्हणे, थोडा आणखी नमुना हवा. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. तिनं माठ खुडावा, बागेच्या नळावर तीन पाण्यांनी धुवावा, त्यानं डबा धरून उभं राहावं. डबा धरताना बोटाला बोट लागायचं आणि मग दोघंही उगाच ढगांकडं बघायची. एकदा त्यानं नमुन्याचा रिकामा डबा परत आणला, तर ती चिडलीच.

“रिकामा डबा परत देतात का कुणी? आईनं काही शिकवलं की नाही?”

त्यानंतर डब्यातून कधी त्यानं स्वतः केलेले, दगडासारखे रव्याचे लाडू आले, कधी तिची शेंगदाण्याची चटणी गेली. ‘तुम्ही’चं ‘तू’ आणि संघमित्राची ‘मित्रा’ कधी झाली, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

ऑगस्टमध्ये चार आठवडे भरले. त्या शनिवारी प्रतापच्या गालाला खळी नव्हती.

“अकरा वाफे नॉर्मल आहेत. तुझ्या मातीत मात्र इतरांच्या तिप्पट रेडियम निघालं. न धुतलेल्या पानांवरही दिसतंय. धुतलेल्या पानांत नावापुरतं. खाल्लं त्याची काळजी नको, तुझी तीन पाणी कामाला आली. पण कमिटी घाबरलीय. त्यांना वाटतंय, ढिगावरची राख उडून सगळीकडं पसरतेय. उद्या मीटिंग आहे... बाग बंद करणार म्हणतात.”

“पण वारा काय माझ्याच वाफ्यावर वाहतो?”

“तेच तर मला कळत नाही. मित्रा, तू यात काही घातलं होतंस का?”

ती खाली वाकून तण उपटू लागली. जूनमध्ये किडीनं पानांची चाळणी केली, तेव्हा तिला आईची युक्ती आठवली होती. माठावर कीड पडली की आई चुलीतली राख भुरभुरायची. स्टेट कॉलेजात चूल कुठली? कुंपणापलीकडं मात्र राखेचा डोंगर आयता पडलेला! ती बादलीभर घेऊन आली होती. राख ती राख, असं तिला वाटलं होतं. कीड गेली आणि हे होऊन बसलं.

सांगितलं, तर तिचा वाफा खणून टाकणार. बी धरायला अजून तीन आठवडे होते. नाही सांगितलं, तर बाराही वाफे जाणार, ज्या म्हाताऱ्या डोरोथीनं तिला पहिलं खुरपं दिलं तिचे टोमॅटोसुद्धा. रात्रभर तिला झोप लागली नाही. आईनं काय केलं असतं, हे तिला चांगलंच ठाऊक होतं, म्हणून तर रडू येत होतं.

मीटिंगमध्ये ती उभी राहिली. “राख मी टाकली. फक्त माझ्या वाफ्यात. बाकी बागेला काही झालेलं नाही.”

प्रतापनं आपले आकडे मांडून ते पटवून दिलं. अकरा वाफे वाचले. बारावा शुक्रवारी खणायचा ठरला. डोरोथीनं तिला मिठी मारली, पण मिठीनं काही माठाला बी धरत नाही.

शुक्रवारी सकाळी ती जड पावलांनी बागेत गेली, तर पिवळा रेनकोट तिच्याआधीच हजर! शेजारी आइस्क्रीमच्या बारा जुन्या बादल्या, त्यांत दुकानातून आणलेली स्वच्छ माती. गडी चिखलात मांडी घालून माठाची एकेक मुळी टबात बुडवून धूत होता.

“कमिटीला विचारलंय,” मान वर न करता तो म्हणाला. “माती जाणार, झाडं राहिली तर चालतील. मुळं तीन पाण्यांनी धुतलीयत. मोजून.”

तिचे डोळे भरून आले. “ठेवायची कुठं? माझ्या अपार्टमेंटला तर ऊनच नाही.”

“माझ्या बाल्कनीत आहे. फक्त... तुला रोज पाणी घालायला यावं लागेल.”

“रोज?”

“रोज. मित्रा, एक कन्फेशन आहे. नमुना मला पाव किलोच लागत होता. पहिल्याच दिवशी मिळाला.”

“आणि मग नेलेला तो पाच किलो माठ?”

“खाल्ला. भाकरी येत नाही, म्हणून ब्रेडबरोबर. माठ मला आवडतसुद्धा नाही गं. तू आवडतेस. आयुष्यभर खाईन माठ... चालेल?”

ती पदवीधर, संख्याशास्त्री, हजरजबाबी मुलगी लाल माठाहून लाल झाली. “इतक्या घाईनं निष्कर्ष काढायचा नसतो,” ती कशीबशी म्हणाली. “चार आठवडे थांब. मुरू दे.”

थांबला बिचारा. ती रोज संध्याकाळी बसनं यायची, बारा बादल्यांना पाणी घालायची, त्यानं केलेला पांचट चहा प्यायची, आणि उत्तराचं नाव काढायची नाही. सप्टेंबरात तुरे वाळले. ते हातावर चोळताना काळं, चकचकीत बी तिच्या ओंजळीत भरलं, आणि ती बराच वेळ आईशी मनातल्या मनात बोलत राहिली.

चार आठवडे पुरे झाले, त्या दिवशी तिनं प्रतापच्या हातात त्याचाच नमुन्याचा डबा ठेवला. रिकामा नव्हताच. आत अर्धं बी होतं. डब्यावर त्याच्याच पद्धतीनं लेबल चिकटवलं होतं:

‘नमुना: आईचा लाल माठ. अर्धा माझ्याकडे, अर्धा तुझ्याकडे. पुढच्या वर्षी एकाच वाफ्यात पेरणे. रिझल्ट: हो.’