वाचनालयात धूर येतो कुठून?

"रुही, हवेचा मीटर परत लाल झालाय," कुशल कुजबुजला.

रुहीने आधी शिवकडे पाहिलं. तिच्या या धाकट्या भावाला दमा होता आणि आता त्याच्या छातीतून बारीक शिट्टी ऐकू येत होती. डोंगरातल्या वणव्याचा धूर त्यांच्या फ्रीमाँट शहरावर उतरला होता. म्हणून मराठी शाळेचं उन्हाळी शिबिर इथे, शाळेच्या वाचनालयात हलवलं होतं. हवा सुधारली नाही तर हेही बंद करावं लागणार होतं. घरातही धूर शिरत होता, मग शिवला न्यायचं तरी कुठे?

खिडकीबाहेर भर दुपारी तांबडा अंधार पसरला होता. सूर्याचा नुसता लाल ठिपका उरला होता. एका वणव्याने एवढं मोठं आकाश झाकून टाकलं होतं! रुहीला भीती वाटत होती, तरी तिची नजर हटेना.

"खिडक्या बंद आहेत. देन हाउ इज इट गेटिंग इन?" त्यांच्या मैत्रिणीने, अनिकाने विचारलं.

वारा कुठून येतो ते कळावं म्हणून कुशलने टिश्यूपेपरची पट्टी हातात धरली आणि तिघं भिंतीच्या कडेकडेने निघाली. कपाटांमागे पट्टी एकदम फडफडली. मागचं दार एक खोकं लावून उघडं ठेवलं होतं, आणि बाहेर शिबिराची व्यवस्था पाहणारे राकेशकाका मास्क लावून फोनवर बोलत होते.

"आत रेंज येत नाही रे," काका म्हणाले. "मीटिंग कॅन्सल नाही करता येत. दोनच मिनिटं."

अनिकाने खोक्यावरची अक्षरं वाचली. "काका, धिस बॉक्स हॅज द एअर फिल्टर्स."

"हो, उद्या बसवणार होतो."

कुशलने खोकं सरळ आत ओढलं. दार धाडकन बंद झालं, आणि ते बाहेरून उघडत नव्हतं. काका मीटिंग संपवून, वळसा घालून पुढच्या दाराने येईपर्यंत मुलं कामाला लागली. विज्ञानाच्या तासाला शिकल्याप्रमाणे त्यांनी चार फिल्टरांची पेटी केली, तळाला पुठ्ठा लावला आणि वर कोपऱ्यातला चौकोनी पंखा टेपने चिकटवून सुरू केला.

मीटर हळूहळू नारिंगी झाला, मग पिवळा. सगळं वाचनालय मीटरभोवती जमलं. फिल्टर, पुठ्ठा, टेप आणि पंख्याने हवा धुऊन निघत होती. रुहीने शिवला पेटीजवळ आणून बसवलं.

काका धापा टाकत आले आणि मीटर पाहून ओशाळले. "चुकलंच माझं, शिव."

"आज शिबिर चालू राहिलं ते या मुलांमुळे," शिकवणाऱ्या अपर्णामावशी म्हणाल्या. "आता बाकीच्या वर्गांसाठीही अशा पेट्या करू. राकेश, मुलं सांगतील तशी टेप कापा."

काका कात्री घेऊन मांडी घालून बसले. शिव त्यांच्या शेजारी सरकला आणि टेप कुठून कुठे लावायची, फट कुठे राहू द्यायची नाही, पंख्याचं तोंड कुठे हवं, हे सगळं एका श्वासात सांगत सुटला.

रुही कान देऊन ऐकत होती. तो एकदाही खोकला नाही.